मुखरूभाऊचं जित्तं तिकीट

तीस वर्षांत तीस नाटकं ऐकली आणि एकही पाहिलं नाही, असा एकच माणूस आमच्या गावात आहे. तो आंधळा नाही. तो गेटवर असतो.

सावलीपासून आठ किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. दिवाळी झाली, मंडई म्हणजे गावची जत्रा भरली, की वडशाहून नाटक मंडळी येते. शाळेमागच्या पटांगणात पेंडॉल पडतो, भोवती कनाती लागतात, एका बाजूला बांबूचं गेट उभं राहतं आणि त्या गेटवर मुखरूभाऊ उभे राहतात. मी करिष्मा, गावची पोस्टमास्तर. पोस्टमास्तर म्हणजे एक खोली, एक वजनकाटा, एक शिक्का आणि मी. माझं अक्षर बरं म्हणून गावच्या नाट्य मंडळाने तिकिटांची पुस्तकं माझ्या गळ्यात घातली, त्यामुळे मुखरूभाऊंचा कारभार मी अगदी जवळून पाहिला आहे. स्पष्टच सांगते, इतका हट्टी माणूस या तालुक्यात दुसरा नसेल. आणि मला तो फार आवडतो, हेही सांगून टाकते.

त्यांच्या गेटचे कायदे दोन. पहिला, बिना तिकिटाचा कोणीही आत जाणार नाही. कोणीही म्हणजे कोणीही. त्यांनी सरपंचाला परत पाठवलं आहे, स्वतःच्या साळ्याला परत पाठवलं आहे. एका वर्षी नाटकातला फौजदार वर्दी घालून पान खायला बाहेर गेला. परत येताना मुखरूभाऊंनी त्याला अडवलं. तो म्हणाला, अहो मी नाटकातला. हे म्हणाले, “वर्दी कोनीबी घालते.” मंडळीचा मॅनेजर ओळख पटवायला धावत येईपर्यंत स्टेजवर चोर बिचारा फौजदाराची वाट पाहत उभा होता.

दुसरा कायदा अठ्ठ्याण्णव सालचा. त्या वर्षी पहिला अंक संपला न संपला तोच अवकाळी पाऊस आला. पेंडॉल बसला, लाइट गेली, नाटक बंद. लोक चिडले, खुर्च्या उचलू लागले. तेव्हा मुखरूभाऊ टेबलावर चढले आणि ओरडून म्हणाले, “ज्याच्या हातात तिकीट हाय, त्याचं नाटक बाकी हाय. पुढच्या साली घेऊन या, मी सोडतो.” मंडळाला न विचारता बोलले. पुढच्या वर्षी लोक खरोखर तिकिटं घेऊन आले, कोणी डब्यातून, कोणी देवळीतून, कोणी तांदळाच्या कोठीतून. मुखरूभाऊंनी सगळ्यांना सोडलं. केसरबाई नावाची एक म्हातारी तर सहा वर्षांनी आली, तिलाही पहिल्या रांगेत बसवलं. मंडळातल्या लोकांनी डोक्याला हात लावला, पण तेव्हापासून आसपासच्या दहा गावांची माणसं आमच्याच नाटकाला येतात. इथलं तिकीट बुडत नाही हे सगळ्यांना ठाऊक झालं. “नाटक पाह्यलं नाई म्हणजे तिकीट जित्तं हाय,” हे त्यांचं वाक्य आता गावातली पोरंही म्हणतात.

या सगळ्यात मनकर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, कुठे असते? ती बायांच्या बाजूला, चटईवर. मध्यंतरात कनात उचलून नवऱ्याला चहा देते आणि परत जाऊन बसते. सकाळी घरी गेल्यावर सगळं नाटक त्यांना सांगते. कोण मेला, कोणाचं लग्न झालं, हिरॉईनचं लुगडं कसं होतं. मुखरूभाऊंना संवाद तोंडपाठ असतात, कारण ते कनातीबाहेरून ऐकलेले असतात. चेहरे मात्र सगळे मनकर्णाबाईने सांगितलेले.

२०१९च्या मंडईत मंडळाने मुखरूभाऊंचा सत्कार केला. गेटवर पंचवीस वर्षं झाली होती. शाल दिली, नारळ दिला आणि एक पाकीट दिलं. पाकिटाची कल्पना संघपालची, तो मंडळाचा अध्यक्ष. आत नागपूरजवळच्या एका मोठ्या पार्कची दोन तिकिटं होती. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, रेल्वे, सगळं काही. संघपाल माईकवर म्हणाला, “भाऊ, तुमी जिंदगीभर दुसऱ्याले आत सोडलं. आता तुमी दोघं आत जा.” मनकर्णाबाई बायांमध्ये बसली होती. ती पदर तोंडाला लावून हसली, आणि त्या हसण्याचा अर्थ मला पाच वर्षांनी कळला.

मार्चमध्ये जाऊ म्हणाले, तर मार्चमध्ये देशाला कुलूप लागलं. मग वैनगंगा बांध्यांत शिरली. मग मनकर्णाबाईचा मोतीबिंदू निघाला. मग पुतणीचं लग्न. दरवेळी ती पाकिटाची आठवण करायची आणि दरवेळी मुखरूभाऊ म्हणायचे, “तिकीट कुठी पळून राह्यलं?”

गेल्या सप्टेंबरात रोवणी आटोपली होती, निंदण झालं होतं, धान पोटरीला यायला आठ-दहा दिवस होते. मनकर्णाबाईने पेटी उन्हात रिकामी केली आणि पाकीट घेऊन थेट माझ्या पोस्टात आली. मागून मुखरूभाऊ.

“करिष्मा, यावरचं बारीक वाचून दे,” ती म्हणाली.

मी तिकीट उलटं केलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, खरेदीच्या तारखेपासून सहा महिने ग्राह्य. मी दोनदा वाचलं. मनकर्णाबाईचा चेहरा उतरला. मुखरूभाऊंचा नाही.

“छापनारा काईबी छापते,” ते म्हणाले. “गेटवर मानूस असते ना. त्याले सांगू, आमी पाह्यलं नाई.”

“भाऊ, पाच वर्षं झाली.”

“केसरबाई सहा वर्षांनी आली होती.”

मी तिकिटावरचा नंबर लावून पाहिला. एका बाईच्या गोड आवाजाने मला एक दाबा, दोन दाबा, चार दाबा असं वीस मिनिटं फिरवलं आणि शेवटी फोन कापला. मुखरूभाऊ म्हणाले, हेच सांगतो, फोनवर मानूस नसते, गेटवर असते. यावर काय बोलणार? रविवारची सुट्टी होती. मोबाइल चालवायला कोणीतरी हवं, म्हणून मी बरोबर निघाले. तिकिटं दोनच, तेव्हा मी बाहेर झाडाखाली बसायचं असं ठरलं.

पहिल्या बसने निघालो. मूल, सिंदेवाही, नागभीड. मनकर्णाबाईने डब्यात भाकरी, चवळीची भाजी, मिरचीचा ठेचा आणि एका पिशवीत मुरमुरे घेतले होते. नवं लुगडं नेसली होती आणि केसांना इतकं तेल लावलं होतं की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला काही हलवता येईना. तिने मला तीनदा विचारलं, “त्या आकाशपाळण्यात एका खोक्यात किती जन बसतात?”

“चार बसत असतील.”

“चार?”

“दोघंच बसले तरी चालते, बाई.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली आणि बाहेर पाहू लागली. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. मुखरूभाऊ कुठे होते? बसच्या दाराजवळ उभे. उतरणाऱ्याला उतरू द्या, मग चढा, असं प्रत्येक थांब्यावर सांगत होते. कंडक्टरने दोनदा बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा नाद सोडला.

पार्कचं गेट आमच्या शाळेपेक्षा उंच. वर एक मोठा सिमेंटचा हत्ती, आणि खाली लोखंडी दांडे, जे आपोआप फिरतात. दांड्यांजवळ निळी टोपी घातलेली एक मुलगी उभी होती. छातीवर नाव, रिना. मुखरूभाऊंनी टोपी पाहिली, नाव वाचलं आणि खुश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, “पाय, हाय ना मानूस.”

रिनाने तिकीट यंत्रासमोर धरलं. लाल दिवा लागला. दुसरं धरलं, पुन्हा लाल.

“काका, ही एक्सपायर झाली आहेत.”

“बाई, मीबी गेटवर असतो. तीस वर्ष झाले,” मुखरूभाऊ फार अदबीने म्हणाले. “आमी आत गेलो नाई. पाय, तुकडा फाडला नाई याचा. जे पाह्यलं नाई त्याचं तिकीट मरते कसं?”

“काका, मशीन घेतच नाही. मी काय करू?”

“गेटवर मशीन हाय का तू हाय?”

रिनाने थोडा विचार केला. खरं बोलणारी मुलगी होती. “मशीन आहे, काका.”

“मंग तू काऊन उभी हाय?”

“मशीन घेत नाही हे लोकांना सांगायला.”

मुखरूभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना राग आला नव्हता, उलट फार वाईट वाटलं होतं. एखाद्या मास्तराला विद्यार्थी नसलेल्या शाळेवर नेमलेला दुसरा मास्तर भेटावा, तसा चेहरा झाला होता. रिनाने बिचारीने पांढऱ्या शर्टातल्या साहेबाला बोलावलं. साहेब चांगले होते. म्हणाले, टाळेबंदीतल्या तिकिटांना आम्ही वाढीव दोन वर्षं दिली होती, तीही संपली. आता नवीन काढा, वीस टक्के कमी करून देतो.

मी लगेच मोबाइल काढला. मुखरूभाऊंनी माझ्या हातावर हात ठेवला. “नवं काढलं म्हणजे हे मेलं असं मी कबूल केलं. मंग केसरबाईले काय तोंड दाखवू?”

“केसरबाई जाऊन दहा वर्षं झाली, भाऊ.”

“म्हनूनच,” ते म्हणाले. या माणसाशी वाद घालणं म्हणजे भरल्या बांधीत सायकल चालवणं.

मी मनकर्णाबाईकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती आता तरी नवऱ्याला चार शब्द सुनावेल. ती सरळ गेटसमोरच्या कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसली आणि डबा उघडला. पाहत मात्र होती वर, हत्तीच्या पाठीमागे फिरणाऱ्या आकाशपाळण्याकडे.

तेवढ्यात तीन बस भरून शाळेची सहल आली, त्यापाठोपाठ कुठल्याशा कारखान्याची माणसं बायकापोरांसह आली, आणि त्या लोखंडी दांड्यांसमोर एकच गर्दी झाली. रिना एका टोकाला, यंत्र दुसऱ्या टोकाला, मध्ये दोनशे पोरं. मुखरूभाऊंचे हात शिवशिवायला लागले. मी म्हटलं भाऊ, भाकर खाऊन घ्या. ते उठलेसुद्धा. “बायांची लाइन इकडे. लेकरं हात धरून. तिकीट हातात काढून ठेवा, पिशवीत नाई. अवो मास्तर, तुमी पुढे नाई, तुमी शेवटी, म्हणजे एकही पोरगा मागं राहनार नाई.” आवाज असा की सिमेंटचा हत्तीसुद्धा रांगेत लागला असता. पंधरा मिनिटांत गर्दीची रांग झाली. रिना यंत्रावर, मुखरूभाऊ रांगेवर, दोघांचं चांगलंच जमलं.

“पाह्यलंस?” मनकर्णाबाई म्हणाली. “इथीबी गेटच.” आणि ती हसली, ते पाच वर्षांपूर्वीचं हसणं. मग भाकरीचा तुकडा मोडत तिने मला सांगितलं.

चौऱ्याण्णव साली तिचं लग्न झालं. मंडई लागली तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. मुखरूभाऊंनी दोन खुर्चीची तिकिटं आणली, खुर्ची क्रमांक अकरा आणि बारा. नव्या नवरीने नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसायचं, ही तेव्हा गावात मोठीच गोष्ट होती. सासूचा चेहरा आंबला, तरी मुखरूभाऊ ऐकले नाहीत. दोघं गेटपर्यंत गेले. तिथे कळलं, गेटवर असणारे बापूराव तापाने फणफणले आहेत. कोणीतरी म्हणालं, मुखरू, तू तेवढा दहा मिनिटं उभा राहा. त्यांनी तिचं तिकीट फाडून तिला आत पाठवलं. तिने अकरा नंबरच्या खुर्चीवर बसून बारा नंबर पदराने झाकून धरला. दहा मिनिटांची तीस वर्षं झाली.

“पुढच्या साली मी चटईवर बसली,” ती म्हणाली. “खाली खुर्ची बाजूले पाहून नाटकात मनच लागत नव्हतं.”

मी विचारलं, “अन् त्यांचं तिकीट?”

“हाय ना. कुठीतरी पेटीत असंन.”

गर्दी ओसरल्यावर रिना आम्हाला पाण्याची बाटली घेऊन आली. तिच्या मागे पांढऱ्या शर्टातले साहेब. साहेब मुखरूभाऊंना म्हणाले, “काका, तुम्ही आज आमची लाज राखली. चला, तुम्ही दोघं असेच आत या. तिकिटाचं राहू द्या.”

मनकर्णाबाई पदर सावरत उभी राहिली. मीही राहिले. आणि मुखरूभाऊ म्हणाले, “नाई साहेब. बिना तिकिटाचं मी सरपंचाले सोडलं नाई, साळ्याले सोडलं नाई. मी कसा जाऊ?”

मी कपाळावर हात मारला. मनकर्णाबाई इतकी हसली, इतकी हसली, की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सगळं हसण्याचंच होतं का, मला सांगता येणार नाही. हसू आवरल्यावर तिने रिनाला विचारलं, “बेटा, खरं सांग. न वापरलेलं तिकीट मरते म्हनतेस?”

“इथं मरतं, मावशी,” रिना म्हणाली.

“इथं,” मनकर्णाबाई म्हणाली. तो शब्द तिने मुरमुऱ्यांच्या पिशवीत घालून गाठ मारावी तसा ठेवून घेतला. मग रिनाला आमच्या मंडईची तारीख सांगितली, नाटकाला ये म्हणाली, आणि आम्ही परत निघालो.

परतीच्या बसमध्ये मुखरूभाऊ दारात उभे राहिले, पण कोणाला शिस्त लावली नाही. भिवापूर मागे पडल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “तिचं मन दुखलं का, वं? मले समजते ना. पन कायद्याचं काय करू?” मी म्हटलं, मला काय विचारता, तिला विचारा. तिच्याशेजारची जागा या वेळीही मोकळी होती. ते जागेजवळ गेले, एक म्हातारी चढली, तिला बसवलं आणि परत दारात आले. मला त्यांचा इतका राग आला की नागभीडपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

धान कापणीला आलं, दिवाळी झाली, मंडई लागली. नाटकाच्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला आम्ही पटांगणात होतो. पोरं कनाती बांधत होती, संघपाल माईकवर हॅलो हॅलो करत होता, मी टेबलावर तिकिटांची पुस्तकं लावत होते. मुखरूभाऊ गेटचा बांबू ठोकत होते. गळ्यात शिट्टी.

मनकर्णाबाई आली. पार्कला नेसली होती तेच लुगडं, केसांना तेवढंच तेल. आधी माझ्या टेबलाशी येऊन तिने पैसे ठेवले. “एक खुर्ची दे. अकरा नंबर.”

मी फाडून दिलं. बारा नंबर मी सकाळीच बाजूला काढून ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्हा पोस्टाच्या लोकांना कधीकधी पत्र न उघडता कळतं. मग ती गेटशी गेली आणि नवऱ्यासमोर एक प्लास्टिकची पिशवी धरली. बियाण्याची जुनी पिशवी, चार घड्या घातलेली.

“काय हाय?”

“पाहा ना.”

मुखरूभाऊंनी पिशवी उघडली. आत पिवळं पडलेलं, कडांना झिजलेलं एक तिकीट होतं. मंडळाचा जुना गोल शिक्का, खुर्ची क्रमांक बारा, सन १९९४. तुकडा फाडलेला नाही. त्यांनी ते उन्हात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. कनाती बांधणारी पोरं थांबली. संघपालने माईक बंद केला.

“हे कोनाचं?” त्यांनी विचारलं.

“तुमचं. नाटक पाह्यलं नाई तुमी,” मनकर्णाबाई म्हणाली. “तुमचं गेट, तुमचा कायदा. आता तुमीच सांगा, जित्तं हाय का मेलं?”

मुखरूभाऊंनी तिकिटावरचा आकडा पुन्हा बोटाने चाचपला. त्यांचे ओठ हलत होते. संघपाल म्हणाला, “भाऊ, लवकर सांगा, मागं लाइन लागन.” मागे कोणीच नव्हतं. मुखरूभाऊंनी बाहीने डोळे पुसले. मग ते ताठ उभे राहिले, गेटवर उभे राहतात तसे, आणि म्हणाले, “जित्तं हाय.” त्यांनी तिकीट मधोमध फाडलं, अर्धं डब्यात टाकलं, अर्धं स्वतःच्या खिशात ठेवलं, आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

“करिष्मा, बिना तिकिटाचं कोनाले सोडू नको.”

“नाही सोडणार, भाऊ.”

“अन् कोनी जुनं घेऊन आला तं?”

“पाह्यलं नसेल तर सोडीन.”

त्या रात्री मी गेटवर होते. रिना आली, तिकीट काढून आली, आणि मध्यंतरापर्यंत माझ्यासोबत उभी राहून तिने हाताने तिकिटं फाडली. फार आवडलं तिला ते. मध्यंतरात कनात उचलून मला चहा द्यायला मात्र दोघं जण आली.

दरवर्षी सकाळी मनकर्णाबाई घरी जाऊन नवऱ्याला नाटक सांगायची. यंदा घरात नाटक न पाहिलेलं कोणी उरलं नव्हतं. म्हणून ती दोघं सकाळी पोस्टात आली आणि दोघांनी मिळून नाटक मला सांगितलं. हिरॉईनचं लुगडं हिरवं होतं का जांभळं यावरून त्यांचं भांडण झालं. टपालाची थैली आली आणि गेली, पण ते काही मिटलं नाही.